‘माझ्या नाथा’चं ‘बाझ्या दाथा’ होतं तेव्हा

आमच्या पेडण्यात जत्रांचा हंगाम तुळशीच्या लग्नाच्या आसपास सुरू होतो आणि माझ्या नाकाचाही तेव्हाच. मी दशावतारात स्त्री-पार्ट करतो. पावसाळाभर बंद असलेला कपड्यांचा पेटारा उघडला की बुरशीचा भपकारा येतो आणि शिंकांची माळ लागते. मग ‘माझ्या नाथा’ म्हणायला जावं तर ‘बाझ्या दाथा’ बाहेर पडतं. चोंदलेल्या नाकातून म आणि न निघतच नाहीत. दोन वर्षांपूर्वी बलून सायनुप्लास्टी करून घेतली, म्हणजे सायनसची (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची) बंद तोंडं फुग्यानं रुंद करून घेतली. आता तालमीतली पोरं ‘फुगा घालू का?’ विचारत येतात, त्यांच्यासाठी हे.

फुगा शेवटी. आधी नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा, आणि तो नीट मारायला शिका. मी कित्येक वर्षं चुकीचा मारत होतो. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, नळीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारलात तर रक्त येतं. जोरात ओढू नका, औषध घशात जातं. स्टिरॉइडच्या फवाऱ्याचा पुरा गुण यायला दोन आठवडे लागू शकतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी बाटली फेकू नका. नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांच्या पुढे नकोत. मी महिनाभर घातले. थेंबांशिवाय नाक उघडेनाच.

फवाऱ्याआधी नाक धुवा. पाव लिटर पाणी, पाव चमचा साधं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून गार केलेलं. विहिरीचं किंवा नळाचं थेट नको, त्यातला एक अमीबा नाकातून मेंदूपर्यंत पोचू शकतो. क्वचित घडतं, पण घडलं की माणूस बहुधा वाचत नाही.

एवढं करूनही बारा आठवडे चेहरा जड, घट्ट शेंबूड, वास जात असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे सीटी स्कॅनची गोष्ट काढा. स्कॅनमध्ये सायनस स्वच्छ दिसले तर फुग्याला उघडायला काही नाही. त्रास अॅलर्जीचा किंवा आणखी कशाचा असू शकतो. पॉलिप (नाकातल्या मऊ गाठी) असतील तर बहुधा दुर्बिणीची नेहमीची शस्त्रक्रिया लागते. डोळ्यांच्या मधले सायनस मधाच्या पोळ्यासारखे असतात, त्यांना एक असं दार नाही, म्हणून तिथे फुगा चालत नाही. कपाळाचे, गालांचे आणि नाकाच्या मागचे, एवढ्यांसाठीच तो. कुठला सायनस बंद आहे हे डॉक्टरांकडून स्कॅनवर बोट ठेवून समजून घ्या, लाजू नका.

प्रत्यक्षात होतं असं: नाकातून बारीक तार सायनसच्या तोंडात घालतात, तिच्यावरून मिटलेला फुगा सरकवतात, काही सेकंद फुगवतात, काढून घेतात. सायनसच्या तोंडाभोवतीचं पातळ हाड थोडं सरकतं आणि वाट रुंदावते. मी संध्याकाळी घरी आलो, भात-कढी जेवलो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा; आपल्या मनानं बंद करू नका.

नंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, साधारण आठवडाभर, नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून. उशा दोन. समुद्रात डुबकी नाही, नारळाची पोती उचलणं नाही. रक्त थांबेना, दिसायला अंधूक झालं किंवा नाकातून पाण्यासारखं सतत गळू लागलं तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा.

आणि शिंका? त्या आहेतच. फुग्यानं दार मोठं केलं, बुरशीशी माझं वैर तसंच आहे. म्हणून फवारा मी घटस्थापनेलाच सुरू करतो, आणि पेटारा आता देवळाच्या पटांगणात, भर उन्हात, दुसऱ्या कुणीतरी उघडायचा. मी वाऱ्याच्या उलट बाजूला, मास्क लावून, कोणती साडी कुठे आहे ते ओरडून सांगतो.