फायरप्लेसच्या चौकटीसाठी साहित्य कसे निवडावे

फायरप्लेसच्या तोंडाभोवती भिंतीवर जो दर्शनी भाग बसवतात, त्याला येथे चौकट म्हटले आहे. खोलीत येणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच जात असल्यामुळे बहुतेक जण निवडीची सुरुवात रंगापासून करतात आणि नंतर त्या रंगाच्या दगडाला उष्णता सोसते का, याची चौकशी करतात. हा क्रम उलटा असायला हवा. प्रथम उष्णतेचा विचार करावा आणि रंग अगदी शेवटी ठरवावा.

पहिली पायरी : जाळ कशाचा आहे ते पाहावे

लाकडाच्या जाळाची धग थेट बाहेर फेकली जाते, ठिणग्या उडतात आणि काजळी धरते. गॅसच्या फायरप्लेसमध्ये काजळी बेताचीच असते, परंतु तिची पुढची काच चांगलीच तापते. विजेच्या प्रकारात गरम हवा एखाद्या ठरावीक फटीतून बाहेर येते, त्यामुळे त्या फटीसमोरचा भाग सोडला तर निवडीला बरीच मोकळीक मिळते. कारखान्यात तयार झालेली धातूची पेटी बसवलेली असेल, तर तिच्यासोबतच्या पुस्तिकेत दिलेली अंतरे बंधनकारक समजावीत. पेटीच्या दर्शनी काळ्या पत्र्यावर हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या फटी दिसायला बऱ्या नसतात हे खरे, पण म्हणून त्या दगडाने झाकू नयेत.

दुसरी पायरी : अंतर मोजावे

चौकट ही एकच जागा आहे असे समजणे हीच मोठी चूक आहे. जाळ जिथे प्रत्यक्ष पेटतो त्या खणाला आतून अग्निविटाच हव्यात. तिथे ग्रॅनाइट किंवा नदीतले गोटे लावू नयेत, कारण ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ या खनिजाची रचना ५७३ अंश सेल्सिअसला बदलून तो एकाएकी फुगतो आणि दगडाला तडे जातात, तर ओलावा मुरलेला गोटा वाफेच्या दाबाने फुटूही शकतो. तोंडालगतच्या पट्ट्यात न जळणारे साहित्यच लावावे. लाकडी नक्षी किंवा वरची फळी त्याच्याही पलीकडे येते. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेचा याबाबतचा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : विटांच्या फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड नको, आणि १२ इंचांपर्यंत असलेले लाकूड दर इंच अंतरामागे फार तर एक अष्टमांश इंच पुढे आलेले चालते. म्हणजे तोंडापासून ८ इंचांवर बसवलेली फळी केवळ १ इंच पुढे येऊ शकते. आपल्याकडील स्थानिक नियम यापेक्षा कडक असतील, तर अर्थातच तेच पाळावेत. या सावधगिरीला कारण आहे. लाकूड वर्षानुवर्षे मंद तापत राहिले, की ते आतून करपत जाते आणि नव्या लाकडाच्या मानाने कमी तापमानालाही पेट घेऊ शकते.

तिसरी पायरी : मागची भिंत तपासावी

दगड जळत नाही, पण तो उष्णता मागे पोहोचवतो. मागे लाकडी सांगाडा असेल, तर पुढचे साहित्य कितीही दणकट असले तरी धोका कायम राहतो. कागद चिकटवलेला जिप्समचा तक्ता सुमारे ५२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णतेत सतत राहणे योग्य नसल्यामुळे तोंडालगत सिमेंटचा तक्ता वापरतात, परंतु त्यानेही लाकडापर्यंत जाणारी उष्णता थांबत नाही, म्हणून ठरलेले अंतर सोडावेच लागते. जुन्या घरात आधीचे आवरण फोडण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करून घ्यावी. जुन्या काळी फायरप्लेसभोवतीच्या तक्त्यांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जात असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. शंका असल्यास हातोडा खाली ठेवून आधी नमुना तपासून घ्यावा.

चौथी पायरी : साहित्याचा स्वभाव ओळखावा

संगमरवराची मोहिनी मोठी आहे, पण त्याचा स्वभाव नाजूक आहे. तो मुख्यतः कॅल्साइट या खनिजाचा बनलेला असतो. लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या एका थेंबाने त्याचे पॉलिश उडते, आणि पांढऱ्या संगमरवरात मुरलेली काजळी सहसा पूर्ण निघत नाही. शिवाय तापल्यावर कॅल्साइटचे स्फटिक एका दिशेने फुगतात आणि दुसऱ्या दिशेने किंचित आकसतात, त्यामुळे पातळ फरशी वारंवार तापून-थंडावून कालांतराने वाकू शकते. गॅसच्या किंवा विजेच्या फायरप्लेसला तो शोभतो. लाकडाच्या जाळाभोवती मात्र मी तो सुचवणार नाही.

ग्रॅनाइट कठीण असतो आणि आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे खणाच्या बाहेर तो उत्तम टिकतो. पाटीचा दगड गडद असल्याने काजळी लपवतो, पण त्याचे पापुद्रे निघत नाहीत ना, हे नखाने खरवडून पाहावे. सोपस्टोन या दगडात शंखजिरे (टाल्क) हे मऊ खनिज भरपूर असल्यामुळे त्यावर सहज ओरखडे उठतात, मात्र उष्णता सोसण्यात आणि ती साठवून हळूहळू सोडण्यात त्याची बरोबरी करणारे दगड थोडेच, म्हणून तर त्याच्या शेगड्याही बनवतात. लाकडाच्या जाळासाठी माझी पसंती याच दगडाला किंवा साध्या भाजलेल्या विटेला राहील. वीट दिसायला साधी असली, तरी ती भट्टीतून तावून निघालेली असते.

कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीबाबत बरेच लोक फसतात. नाव दगडाचे असले, तरी तिच्यात वजनाने साधारण ७ ते १० टक्के राळ असते, आणि ती उष्णतेने पिवळी पडते किंवा तडकते. तोंडालगत ती नकोच. सिरॅमिक आणि पोर्सेलिनच्या टाइल्स उच्च तापमानाला भाजलेल्या असल्याने निर्धास्त वापराव्यात. काँक्रीटची ओतीव चौकट चालते, फक्त ती पूर्ण वाळू द्यावी आणि केसासारख्या बारीक भेगा पडतील हे गृहीत धरावे. बिडाच्या आणि पोलादाच्या चौकटी टिकाऊ असतात, पण त्या फुगतात : १ मीटर लांबीची पोलादी पट्टी १०० अंशांनी तापली, तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते.

पाचवी पायरी : वजनाचा हिशेब

ग्रॅनाइटची २ सेंटिमीटर जाडीची १ चौरस मीटर फरशी सुमारे ५४ किलो भरते. इतका भार भिंतीवर टाकायचा की खाली आधार द्यायचा, हे खरेदीपूर्वी गवंड्याशी बोलून ठरवावे.

सहावी पायरी : तुकडा घरी आणून पाहावा

निवडलेल्या साहित्याचा तुकडा मागून घ्यावा. त्यावर पाण्याचा थेंब ठेवून डाग गडद होतो का ते पाहावे, लिंबू पिळावे, काजळी चोळून एक दिवस तशीच ठेवावी आणि मग धुवावी. दुकानातल्या दिव्यांखाली जे कळत नाही, ते येथे कळते. रंगाचा निर्णयही याच वेळी, संध्याकाळच्या उजेडात घ्यावा.

सातवी पायरी : चिकटवणे आणि सांधे

टाइल किंवा दगड बसवताना डब्यातला तयार सेंद्रिय गोंद टाळून उष्णता सोसणारे सिमेंटयुक्त मिश्रण वापरावे. चौकट आणि धातूची पेटी यांच्यामध्ये काही मिलिमीटरची फट सोडावी आणि ती सिमेंटने घट्ट न भरता उष्णतारोधक दोरीने भरावी, म्हणजे पेटी फुगली तरी दगडावर ताण येत नाही. मिश्रण पूर्ण सुकेपर्यंत जाळ करू नये, आणि नंतरही पहिले काही दिवस जाळ लहानच ठेवावा, कारण सांध्यांत उरलेला ओलावा हळूहळू निघून जाणे आवश्यक असते.