जुन्या वर्तमानपत्रांतून पोपचा इतिहास: पहिला सराव १९०३ च्या निवडणुकीवर

पोपच्या इतिहासात शिरताना अख्खं शतक अंगावर घेऊ नये. एक मृत्यू आणि त्यामागून झालेली एक निवड, एवढा तुकडा पुरे. नवख्यांसाठी १९०३ सगळ्यांत सोयीचं. लिओ तेरावे २० जुलैला वारले, ३१ जुलैला कॉन्क्लेव्ह, म्हणजे पोप निवडणाऱ्या कार्डिनलांची (वरिष्ठ धर्मगुरूंची) सभा, बसलं आणि ४ ऑगस्टला व्हेनिसचे कार्डिनल ज्युझेप्पे सार्तो हे पायस दहावे झाले. लिओंच्या आजारपणात डॉक्टर लाप्पोनी आणि मात्झोनी यांची प्रकृतिपत्रकं निघत होती, त्यामुळे जुलैभर मजकुराची ददात नाही.

वहीत चार रकाने आखा: अंकावरची तारीख, घटनेची तारीख, तार निघाली ते गाव, पान क्रमांक. पहिल्या दोन तारखा एकच समजणं ही सर्रास होणारी चूक. व्हॅटिकनचं 'लॉस्सेर्वातोरे रोमानो' दुपारी निघतं आणि त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख असते. पॅरिसच्या 'ल तां'चंही तसंच होतं. घड्याळाचंही भान हवं. लिओ वारले तेव्हा रोममध्ये दुपारचे चार वाजले होते, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा आणि मुंबईच्या तेव्हाच्या स्थानिक वेळेनुसार रात्रीचे जवळजवळ आठ. म्हणून अमेरिकेत त्याच दिवशीची सायंदैनिकं बघावीत, मुंबईत २१ जुलैपासूनचे अंक.

फुकटात बघायला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका', फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गालिका' आणि ऑस्ट्रियाचं 'आन्नो' ही जुन्या अंकांची संकेतस्थळं पुष्कळ झाली. इंग्रजीमुळे अमेरिकेपासून सुरुवात सोपी पडते, पण तिथली गावोगावची पत्रं वृत्तसंस्थेची एकच तार छापत. दहा पत्रांत शब्दन् शब्द सारखा मजकूर दिसला तर तो दहा साक्षीदारांचा पुरावा नव्हे, एकाच तारेच्या दहा प्रती. वहीत त्याची नोंद एकदाच करा.

शोधपट्टीत पोपच्या नावापुढचा रोमन आकडा टाकू नका. स्कॅन वाचणारी यंत्रणा त्यातल्या उभ्या रेघांना एल किंवा एक समजते आणि नेमके कामाचे अंक निसटतात. नाव आणि तारखेची मर्यादा एवढंच द्या. इटालियन पत्रांत नुसतं 'सार्तो' शोधलं तर शिंप्यांच्या जाहिरातींचा ढीग येईल, कारण त्या शब्दाचा अर्थच शिंपी. सोबत 'कार्डिनाले' जोडा. व्हिएन्नाची पत्रं गॉथिक वळणाच्या अक्षरांत असल्याने यंत्र तिथे फारच चुकतं. तिथे शोध सोडून २० जुलै ते १० ऑगस्टचे अंक पानापानाने चाळावेत. वेळ जातो, पण हाती जास्त लागतं.

कॉन्क्लेव्हमधल्या मतपत्रिका जाळल्यावर निघणाऱ्या धुराच्या बातम्या तर हमखास उलट्या वाचल्या जातात. पांढरा धूर म्हणजे निवड झाली, हा संकेत १९१४ पासूनचा. १९०३ मध्ये धूर दिसला म्हणजे त्या फेरीत पोप ठरला नाही, असा अर्थ.

खरा कस लागतो २ ऑगस्टच्या घटनेवर. क्राकोचे कार्डिनल पुझिना यांनी ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीने लिओंचे राज्यसचिव कार्डिनल राम्पोला यांच्याविरुद्ध नकाराधिकार बजावला. कॉन्क्लेव्ह बंद दाराआड असल्याने त्या आठवड्यात छापलेले मतांचे आकडे अंदाज म्हणूनच टिपा. मतदार ६२ होते, दोन-तृतीयांश बहुमताला ४२ मतं लागत आणि सातव्या फेरीत सार्तोंना ५० मिळाली. या पक्क्या माहितीशी ताडून प्रत्येक वार्ताहर कुठे चुकला ते समासात लिहा. मग फ्रान्सचं कॅथलिक 'ला क्र्वा' आणि व्हिएन्नाचं उदारमतवादी 'नॉये फ्राये प्रेसे' शेजारी ठेवून वाचा. राम्पोला फ्रान्सला जवळचे मानले जात, हे डोक्यात असेल तर विशेषणांची निवड लगेच कळते. राज्यांचा हा नकाराधिकार नव्या पोपनी २० जानेवारी १९०४ ला कायमचा मोडीत काढला, म्हणून शोधाची मर्यादा ऑगस्टवर थांबवू नये. व्हॅटिकनच्या त्या काळच्या कागदपत्रांचा मजकूर १८६५ पासूनच्या 'आक्ता सांक्ते सेदिस' या मालिकेत मिळतो. तो लॅटिनमध्ये आहे. निदान तारखा आणि नावं तरी त्यावरूनच तपासा.

गोव्याकडून बघायचं तर 'ओ हेराल्दो' १९०० पासून पोर्तुगीजमध्ये निघत होतं. त्यात लिओ हे 'लेआंव' आणि पायस हे 'पिउ' असतात. मुंबईचं 'एक्झामिनर' हे कॅथलिक साप्ताहिक असल्याने तारेची घाई त्यात नाही, उलट धर्मप्रांताचा कल त्यात नीट दिसतो. या दोन्हींची सवय झाली की पुढचा तुकडा १८८६ चा घ्यावा: पोर्तुगाल आणि पोप यांच्यातला करार, ज्याने मुंबईतल्या चर्चवर हक्क कोणाचा, पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्यांचा की रोमने धाडलेल्यांचा, या जुन्या भांडणाला नवं वळण दिलं.