नागपूरच्या काळ्या रानात वाइनची द्राक्षं लावताना

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, नागपूर 310 वर. पिकण्याच्या काळात आपल्याकडे ऊन लवकर चढतं. उन्हात मण्याला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल झपाट्यानं जळतं आणि गोडी भरली तरी वाइन बेचव लागते. म्हणून इथे दोनच गोष्टींवर जीव लावायचा, निचरा आणि छाटणीची तारीख.

आधी रान तपासा. दोन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा पाण्यानं भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी 24 तासांनंतरही उभं असेल, तर तिथे द्राक्ष लावू नका. संत्र्याला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) ज्या साचलेल्या ओलीमुळे होतो, तीच ओल द्राक्षाची मुळंही कुजवते. खड्ड्याच्या तळाच्या मातीवर विरळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे थेंब टाका. जोरात फेस आला तर चुनखडी जास्त आहे. अशा रानात वेलीला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

मध्यम काळ्या जमिनीत दीड फूट उंच गादीवाफे करा, ओळी उत्तर-दक्षिण, अंतर दोन ओळींत 8 फूट, दोन वेलींत 4 फूट. खुंट, म्हणजे ज्या मुळांच्या वेलीवर वाइनच्या जातीचं कलम बांधतात तो, 110 आर घ्या. डॉगरिज हा दुसरा खुंट भारी जमिनीत फार माजतो, पानांची गर्दी होते आणि भुरी (पांढरी बुरशी) येते.

जातींमध्ये सुरुवात शेनिन ब्लांक (पांढरी) आणि शिराझ (लाल) यांनी करावी. कॅबर्ने सोव्हिन्यों (लाल) उशिरा पिकतो, तो मार्चच्या उन्हात सापडतो.

फळछाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. त्याआधी केली तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर केवडा (डाउनी मिल्ड्यू हा बुरशीचा रोग) येतो. फार उशीर केला तर थंडीत फूट रखडते, काढणी मार्चमध्ये ढकलली जाते आणि गारपिटीचा धोकाही वाढतो. घडांजवळची पानं फक्त पूर्वेकडून विरळ करा. पश्चिमेकडची अजिबात काढू नका, दुपारच्या उन्हात मणी भाजतात.

छाटणीनंतर 100 दिवसांनी दर तीन-चार दिवसांनी वेगवेगळ्या घडांतले 100 मणी काढून रस तपासा. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, पीएच आंबटपणाचं; पीएच वाढला की आंबटपणा कमी. पांढऱ्या जातीला 20 ते 22 ब्रिक्स आणि पीएच 3.2 ते 3.4, लाल जातीला 23 च्या आसपास ब्रिक्स आणि पीएच 3.6 च्या आत. ब्रिक्स थोडा कमी असला तरी पीएच वरच्या मर्यादेला टेकला की थांबू नका. पहाटे तोडा, नऊच्या आत घड सावलीत आणा.