प्लेजियाचं यंत्र बनवताय? मग या चुका टाळा

हार्ट-लंग मशीनवर शस्त्रक्रिया चालू असताना महाधमनीला क्लॅम्प लागला की हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो. त्या वेळात स्नायू मरू नयेत म्हणून पोटॅशियम असलेलं थंड द्रावण, बहुतेकदा रक्तात मिसळून, कोरोनरी धमन्यांत सोडतात आणि हृदय थांबवतात. याचं पूर्ण नाव कार्डिओप्लेजिया, पण ओटीत सगळे नुसतं प्लेजिया म्हणतात. सर्जन प्लेजिया मागतात, मागे बसलेला परफ्युजनिस्ट, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणारा तंत्रज्ञ, पंप चालू करतो आणि फ्लो-प्रेशर मोठ्यानं सांगत राहतो.

हे द्रावण पोचवणारं नवं यंत्र बनवावं असं अनेक बायोमेडिकल इंजिनिअर आणि तरुण सर्जन मंडळींना वाटतं. कल्पना चांगल्या असतात. गडबड होते ती बहुतेक एकाच कारणानं: सगळं लक्ष पंपावर असतं आणि पंपापासून हृदयापर्यंतच्या दोन मीटर नळीकडे कोणी बघत नाही.

पंपापाशी मोजलेलं प्रेशर हृदयाचं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रेशर सेन्सर पंपाजवळ बसवणं सोपं असतं, म्हणून तो तिथेच बसतो. पण त्याच्यापुढे लांब नळी, जोडण्या आणि शेवटी बारीक कॅन्युला, म्हणजे रक्तवाहिनीत घालायची नळी, असते. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळा पट वाढतो. त्यामुळे पंपापाशी २०० मिलिमीटर पारा दिसत असताना महाधमनीच्या मुळाशी जेमतेम ७० असू शकतं. फ्लो बदलला की हा फरकही बदलतो, म्हणजे ठरावीक आकडा वजा करूनही भागत नाही.

शिरेच्या बाजूनं, कोरोनरी सायनसमधून (हृदयाच्या स्नायूंतलं रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरेतून) उलट्या दिशेनं प्लेजिया देताना तर हे फारच नाजूक होतं. तिथे प्रेशर साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊ द्यायचं नसतं, नाहीतर सायनसला इजा होते. म्हणूनच या कॅथेटरमध्ये टोकापाशी प्रेशर मोजायला वेगळी बारीक वाट असते. तुमच्या यंत्राला ती वाट जोडायची सोय नसेल तर बाकीचा पडदा कितीही देखणा असो, उपयोग नाही.

शिवाय एकट्या प्रेशरवरून काही कळत नाही, ते फ्लोबरोबर वाचावं लागतं. सायनसमध्ये फ्लो मिनिटाला २०० मिलिलीटर आणि प्रेशर जवळजवळ काहीच नाही, तर कॅथेटर निसटून उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) आला असण्याची शक्यता मोठी. प्रेशर एकदम चढलं तर टोक भिंतीला टेकलंय, फार आत गेलंय किंवा नळी पिळली गेलीय. महाधमनीच्या मुळाशी फ्लो भरपूर आणि प्रेशर चढतच नाही, तर झडप गळत असेल आणि द्रावण डाव्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) जाऊन ती फुगत असेल. अनुभवी परफ्युजनिस्ट हे क्षणात ओळखतो. यंत्रानं त्याला दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आणि लांबून वाचता येतील एवढे मोठे दाखवावेत. ‘त्रुटी क्रमांक ७’ असले संदेश कृपया नकोत.

एका रोलरखाली दोन नळ्या

रक्त आणि द्रावण ४:१ प्रमाणात मिसळायची जुनी युक्ती मला अजूनही आवडते. एकाच रोलर पंपाखाली (यात फिरणारा रोलर नळी दाबत द्रव पुढे ढकलतो) पाव इंची आणि एक अष्टमांश इंची अशा दोन नळ्या ठेवायच्या. व्यास दुप्पट म्हणून छेदाचं क्षेत्रफळ चौपट, आणि प्रमाण आपोआप ४:१. एकही सॉफ्टवेअर नाही.

पण डेल निडो नावाच्या प्लेजिया पद्धतीत प्रमाण बरोबर उलट असतं: एक भाग रक्त, चार भाग द्रावण. तोच संच, फक्त कोणती नळी कशाला जोडली एवढाच फरक. एकाच युनिटमध्ये दोन सर्जन दोन पद्धती वापरत असतील तर चूक कधी होईल एवढाच प्रश्न उरतो. वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावून काम भागलं असं समजू नका. चुकीच्या जागी बसूच नये अशी जोडणी करा. सर्वत्र ल्युअर जोड (सिरिंज आणि सलाइनच्या नळीला असतो तो) वापरायचा मोह तर टाळाच. तो स्वस्त आणि कुठेही मिळणारा आहे हे खरं, पण तो कशालाही बसतो हाच त्याचा दोष.

नळीत अडकून राहिलेलं द्रव्यही हिशेबात धरा. पाव इंची नळीत मीटरला सुमारे ३२ मिलिलीटर मावतं. मिश्रण पंपापाशी बदललं तर दोन मीटर नळीतलं ६४ मिलिलीटर जुनं मिश्रण आधी हृदयात जाणार. मिनिटाला २५० मिलिलीटरच्या फ्लोनं ही पंधरा सेकंद होतात. क्लॅम्प काढण्याआधी कमी पोटॅशियमचं गरम रक्त द्यायचं असतं तेव्हा ही पंधरा सेकंद जाणवतात.

पाण्यावर चाचणी करून खूश होणं

पाण्यापेक्षा रक्त तीन-चार पट दाट, आणि थंड केलं की आणखी दाट. प्रयोगशाळेत पाण्यावर सुरेख चाललेला पंप ओटीत वेगळं वागतो. सुरुवातीला पाणी-ग्लिसरीनचं मिश्रण चालेल, पण रक्तपेशी किती फुटतात हे रक्तावरच कळतं. रोलर नळीवर फार घट्ट दाबला तर पेशी फुटतात आणि नळीच्या आतून बारीक कण सुटतात. सैल ठेवला तर द्रव मागे सरकतो आणि पडद्यावरचा फ्लो खोटा ठरतो.

रोलर पंपाचा आणखी एक हट्ट आहे: पुढची वाट बंद झाली तरी तो ढकलतच राहतो, आणि मागची पिशवी रिकामी झाली की तितक्याच निष्ठेनं हवा ढकलतो. झोपलेल्या रुग्णात उजव्या कोरोनरी धमनीचं तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे बुडबुडे बहुधा तिथे जातात आणि क्लॅम्प काढल्यावर उजवी जवनिका फुगून बसते. अलार्म वाजणं पुरेसं नाही. बुडबुडा दिसताच पंप थांबला पाहिजे, आणि थांबल्यावर नळीतली हवा काढायला वाट हवी. ही दुसरी गोष्ट आराखड्यात हमखास राहून जाते. थंड रक्त झटकन गरम केलं तर विरघळलेला वायू सुटून बुडबुडे होतात, हेही ध्यानात असू द्या.

धोक्यांची यादी रक्ताच्या वाटेपुरतीच करणं

१९५५ मध्ये लंडनमध्ये डेनिस मेलरोझ या सर्जननी पोटॅशियम सायट्रेटनं हृदय थांबवून दाखवलं. हृदय थांबायचं, पण मात्रा इतकी तीव्र की स्नायूंचे भाग मरायचे. पद्धत मागे पडली आणि सत्तरच्या दशकात सौम्य मात्रेनं परत आली. सेंट थॉमस नावाच्या प्लेजिया द्रावणात पोटॅशियम लिटरला १६ मिलिमोलच्या आसपास असतं. हा धोका निदान रक्तातून जाणारा होता.

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं आहे. हृदयशस्त्रक्रियेत पाणी थंड-गरम करणाऱ्या हीटर-कूलर यंत्रांच्या टाकीत मायकोबॅक्टेरियम कायमेरा नावाचा जंतू वाढला. ते पाणी रुग्णाच्या रक्ताला कुठेच लागत नव्हतं. यंत्राच्या पंख्यानं बाहेर टाकलेल्या हवेतून सूक्ष्म थेंब उघड्या छातीपर्यंत पोचले. झ्यूरिकमध्ये हे आधी लक्षात आलं, मग इतर देशांत रुग्ण सापडत गेले, काही तर शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी. तुमच्या यंत्रात पाणी, बर्फ किंवा पंखा असेल तर धोक्यांच्या यादीत तो आधी लिहा.

कागदपत्रं आणि खरा स्पर्धक

पेटंटचा अर्ज करण्याआधी कॉलेजच्या प्रदर्शनात किंवा यूट्यूबवर यंत्र दाखवू नका. नावीन्य तिथेच संपू शकतं. तात्पुरतं विवरणपत्र (प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन) दाखल केलं की पूर्ण विवरणपत्रासाठी १२ महिने मिळतात. आणि भारतात उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, कलम ३(आय) पाहा. म्हणून दावे उपकरणाच्या रचनेवर लिहा, ‘असं असं द्रावण द्यायचं’ यावर नको. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्सनुसार उपकरण ए, बी, सी, डी यांतल्या कोणत्या वर्गात पडतं ते पहिल्या नमुन्याआधी ठरवा. द्रावण यंत्राबरोबर विकणार असाल तर औषधाचे नियमही लागतात. महाराष्ट्रातल्या मंडळींना मुंबई आयआयटीतल्या बेटिक केंद्रात इंजिनिअर आणि डॉक्टर एकाच टेबलावर भेटतात, तिथे एक चक्कर मारावी.

राहिली किंमत. आपल्याकडे कित्येक ठिकाणी प्लेजिया आजही द्रावणाच्या पिशवीभोवती प्रेशर बॅग फुगवून दिला जातो. ती बॅग पुन्हा पुन्हा वापरता येते, वीज लागत नाही आणि सगळ्यांच्या हाताला सवयीची आहे. तुमच्या यंत्राची तुलना परदेशी यंत्राशी नाही, या बॅगेशी होणार. दर केसमागे फेकायचा संच किती रुपयांचा, हा प्रश्न खरेदी विभाग पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. उत्तर खिशात घेऊनच जा.