कॅफेतल्या नाश्त्यापासून सुरू होणारा निवांत दिवस कसा घालवावा

निवांत दिवसाचा विचका बहुतेक वेळा यादीमुळे होतो. सकाळी कॅफे, मग प्रदर्शन, मग खरेदी, जमलं तर सिनेमा, आणि रात्री पाय चेपत बसायचं. म्हणून दिवसभरात वेळ ठरवायची ती एकाच गोष्टीची, नाश्त्याची. बाकीचा दिवस मोकळा सोडा.

लवकर पोहोचा. कॅफे उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात गेलात तर हवी ती जागा मिळते आणि कॉफी करणाऱ्यालाही बोलायला सवड असते. सुट्टीच्या दिवशी खरी झुंबड उडते दहानंतर. ‘ब्रंच’ची, म्हणजे नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्रच उरकण्याची, कल्पना १८९५ साली एका इंग्रजी नियतकालिकात मांडली गेली, तीही रविवारी उशिरा उठणाऱ्यांची बाजू घेऊन. ती मंडळी अजून रांगेत आहेत असं समजा आणि त्यांच्या आधी पोहोचा.

जागा फोटोसाठी निवडू नका. एकदा मोहापायी मी टांगत्या खुर्चीत बसलो. बशी मांडीवर, कप हातात, खुर्ची हलली आणि कॉफी शर्टावर. पाठीला टेकू आणि कोपर टेकवता येईल असं टेबल, एवढं असलं की पुरे. दारापासून आणि काउंटरपासून जरा लांब बसा. ग्राइंडरच्या घरघरीत गप्पा होत नाहीत.

ऑर्डर दोन हप्त्यांत द्या. आधी फक्त कॉफी, खाण्याचं नंतर. सगळं एकदम मागवलं की सगळं एकदम येतं आणि वीस मिनिटांत टेबल रिकामं होतं. मेन्यूतल्या नावांनी बिचकू नका. एस्प्रेसो म्हणजे साधारण ३० मिलीलिटर कडक अर्क. त्यात दूध आणि जाड फेस घातला की कॅपुचिनो, दूध जास्त आणि फेस कमी असला की लाटे. दूध बहुधा ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात, कारण त्याच्या फार वर गेलं की त्याचा गोडवा हरवतो. तेव्हा ‘एकदम उकळती द्या’ असा आग्रह नको.

वेळ आहेच, तर ‘पोअर ओव्हर’ मागवा आणि काउंटरपाशी उभं राहून बघा. कागदी गाळणीतल्या पुडीवर आधी थोडंसंच गरम पाणी ओततात. पूड फुगते, वर बुडबुडे येतात. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड तेव्हा सुटत असतो. भाजणी ताजी असेल तर फुगवटा जास्त. मग हळूहळू गोल गोल धार. तीन-चार मिनिटांत कप तयार होतो. तो लगेच संपवू नका. निवत जाते तशी चव बदलते, आंबटगोडपणा वर येतो.

खाण्यात प्रत्येकाला एक तिखटमीठाचं आणि सगळ्यांत मिळून एक गोड, बस. पोट तुडुंब भरलं की पुढचा कार्यक्रम झोपेचाच. फोटो एक-दोन काढा आणि फोन पिशवीत टाका.

वेळेवर उठा. दाराशी लोक ताटकळत असतील तर रिकामा कप समोर ठेवून जागा अडवू नये. शेवटच्या कपाबरोबरच बिल मागवा.

पुढचं ठिकाण चालत गाठा. रमतगमत अर्धा तास चाललं की दोनेक किलोमीटर सहज होतात, तेवढ्या टप्प्यातलं एकच ठिकाण निवडा. बाग, जुन्या गल्ल्या, वाचनालय, काहीही. संग्रहालय असेल तर साप्ताहिक सुट्टी आदल्या दिवशी बघून ठेवा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आत गेल्यावर दोन दालनं नीट बघा. सगळी बघायला गेलात की चाल परीक्षकासारखी होते.

दुपारी बाक शोधा. सावलीतला. पुस्तक उघडा किंवा नुसते बसा. दुसरी कॉफी घ्यायचीच तर दोनच्या आत घ्या, कारण कॅफिनचा निम्मा अंश शरीरात साधारण पाच तास तरी टिकतो आणि रात्री छताकडे बघत पडावं लागतं.

सोबतचं कुणी तिसऱ्यांदा ‘आता कुठे?’ विचारू लागलं की घराकडे वळा. रात्रीचं जेवण मात्र आदल्या दिवशीच ठरवून ठेवा; दमून परतल्यावर फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभं राहणं हा निवांतपणा नव्हे.