घोडा चालताना बघा: नाशिकहून महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सला

माझे वडील नाशिकरोड स्टेशनवर टांगा चालवायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. घोडा घ्यायचा झाला की ते दसऱ्याच्या सुमारास येवल्याच्या घोडेबाजारात जायचे. तिथे दात बघण्याआधी ते मालकाला सांगायचे, "जरा चालवून दाखवा." दातांवरून वय कळतं, पण घोडा कामाचा आहे की नाही ते चालीवरूनच कळतं, असं त्यांचं म्हणणं. टांगे गेले, तात्याही गेले. मी मात्र वर्षातून दोन-तीनदा रेसकोर्सला जाते ती त्यांनी दिलेल्या नजरेपायी. नाशिकला रेसकोर्स नाही. शेजारपाजारचे, ओळखीचे विचारत असतात, ताई, एकदा जायचंय, काय करायचं? त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

आधी कुठे जायचं ते हंगामावर ठरवा. आपल्याला जवळची दोनच मैदानं, मुंबईचं महालक्ष्मी आणि पुण्याचं कॅम्पातलं. दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची, आणि घोडेही बहुतेक तेच. पावसाळ्यात, म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबर, ते पुण्यात पळतात. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत. मे-जूनमध्ये कुणी नेतो म्हणाला तर रेसचा दिवस आहे का ते आधी विचारा. तारखांचं वेळापत्रक क्लब जाहीर करतो, ते बघूनच तिकीट काढा.

पहिल्यांदा जाणार असाल तर मी महालक्ष्मीच सुचवीन. 1883 पासूनचं मैदान, जुना देखणा स्टँड, मध्ये हिरवळ आणि 2400 मीटरची गोल धाव. त्यातल्या 120 एकरांवर आता सार्वजनिक उद्यान व्हायचं आहे, 91 एकर क्लबकडे राहणार. ते मोकळं मैदान आजच्या रूपात बघून घ्या, असं मी मनापासून सांगते.

नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारासची पंचवटी एक्सप्रेस पकडायची. दादरला उतरायचं, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर जायचं आणि चर्चगेटची धीमी लोकल घ्यायची. प्रभादेवी, लोअर परळ, मग महालक्ष्मी. फास्टमध्ये चढलात तर मुंबई सेंट्रलला जाऊन उलटं यावं लागेल. स्टेशनच्या एका अंगाला धोबीघाट आणि दुसऱ्या अंगाला रेसकोर्स, त्यामुळे टॅक्सी करायची गरज नाही. रविवार असेल तर आदल्या रात्री मेगाब्लॉक बघून ठेवा. नाशिककर हमखास विसरतात ते हेच. पहिली रेस दुपारी असते, म्हणून सकाळच्या गाडीने गेलात तर ब्लॉक असूनही वेळ पुरतो.

परतीला पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला सुटते. ती पकडायची तर शेवटची रेस सोडून द्यायची तयारी ठेवा. डर्बीच्या, म्हणजे हंगामातल्या सगळ्यात मोठ्या रेसच्या, दिवशी मी रात्री भावाकडे ठाण्याला राहते, कारण तो दिवस घाईत बघायचा नसतो.

पुण्याला बसच बरी. नाशिकच्या ठक्कर बझार स्टँडवरून सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, नारायणगाव, राजगुरुनगर असं पुण्याच्या वाकडेवाडी स्टँडपर्यंत जायचं. तिथून कॅम्पात रिक्षाने. एम्प्रेस गार्डन सांगितलं तरी रिक्षावाला बरोबर आणून सोडतो, रेसकोर्स शेजारीच आहे. एकदा मी भाचीला घेऊन सकाळी साडेसातच्या बसने निघाले आणि चाकणला गर्दीत अडकले. पोहोचलो तेव्हा दोन रेस होऊन गेल्या होत्या, आणि ज्या घोडीसाठी निघालो होतो ती दुसऱ्याच रेसमध्ये पळाली होती. भाचीला रडू आवरेना. तेव्हापासून पुण्याला जायचं म्हटलं की मी पहाटे साडेपाचला बसमध्ये बसलेली असते.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. सभासदांच्या भागात कडक शिस्त असते, तिथे चप्पल आणि हाफपँट चालत नाही. आपण सर्वसाधारण भागात जातो, तिथे नीटनेटके कपडे पुरे. मी सुती साडी नेसते आणि पायात बंद बूट घालते, कारण दिवसभर पॅडॉक (रेसआधी घोडे फिरवतात ते कुंपणातलं रिंगण) ते धावपट्टीचं रेलिंग आणि रेलिंग ते पॅडॉक अशी पायपीट चालते. पुण्यात छत्रीपेक्षा रेनकोट न्या. रेलिंगपाशी छत्री उघडली की मागच्या दहाजणांना काही दिसत नाही.

आत गेल्यावर सगळ्यात आधी रेसचं पुस्तक घ्या. पहिल्यांदा ते आकड्यांचं जंगल वाटतं, पण चार गोष्टी शोधल्या तरी काम भागतं. घोड्याचा नंबर, त्याच्या पाठीवरचं वजन, जॉकी, आणि मागच्या काही धावांत तो कितवा आला. वजनाचं समजून घ्या. हँडिकॅप रेसमध्ये ज्याचं रेटिंग, म्हणजे कामगिरीवरून दिलेले गुण, जास्त त्याच्या पाठीवर जास्त किलो, म्हणजे सगळ्यांना संधी मिळते. जॉकी हलका पडला तर खोगिरात शिसं घालून वजन पुरं करतात. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते. डर्बीत घोडीला नराहून दीड किलो कमी असतं. आणि आपल्याकडे सगळ्या रेसच्या घोड्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला धरतात, मग तो जन्मला कधी का असेना.

आता पॅडॉक. नव्या माणसांना मी हात धरून तिथे नेते, कारण बहुतेक जण तिकडे फिरकतच नाहीत. पैसे लावायच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहतात, पडद्यावरचे भाव बघतात, आणि पाचशे किलोचं ते जिवंत जनावर पुढून निघून जातं. दोन रेसच्या मध्ये साधारण अर्धा तास असतो. त्यातला पहिला भाग पॅडॉकच्या कुंपणाशी घालवा. सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, त्यांना लगामाला धरून गोल फिरवत असतात.

चाल बघायची. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो की त्याच्याही पुढे? पुढे पडत असेल आणि पाठ सैल हलत असेल तर घोडा मोकळा आहे. तुकड्यातुकड्यात चालत असेल, एखादा पाय जपून टाकत असेल, तर नाव कितीही मोठं असो, मी त्याला बाजूला ठेवते. मग कान. कान पुढे, इकडेतिकडे हलणारे, म्हणजे जनावर जागं आहे. मागे चिकटलेले असले की त्याला काहीतरी रुचत नाहीये. मग घाम. दुपारच्या उन्हात मानेवर घाम येणारच, त्याने घाबरू नका. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस दिसला की ते घाबरून आधीच दमलंय असं समजा. कातडीवर उन्हात तेल लावल्यासारखी चकाकी आली पाहिजे. तात्या खरारा झाल्यावर घोड्याच्या पुठ्ठ्यावर तळहात फिरवायचे आणि हात कोरडा, गुळगुळीत निघाला की चंदीत दोन मुठी हरभरा वाढवायचे. कुंपणापलीकडून हात लावता येत नाही, पण नजरेने तेच करायचं.

गेल्या हंगामात महालक्ष्मीला एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, घोडी होती. तिसरी फेरी सुरू होताना तिने मान झटकली, आडवी झाली आणि कुंपणाच्या दिशेने सरकली. सईस साठीचा असेल. त्याने लगाम ओढला नाही. तिच्या हनुवटीखाली उलटा तळहात ठेवला आणि तिच्याच चालीने चालत राहिला, काहीतरी पुटपुटत. दहा पावलांत तिचे कान पुढे आले. मग घंटा झाली, जॉकी आला, ट्रेनरने त्याची नडगी धरून त्याला एका झटक्यात वर बसवलं. घोडी चौथी आली. मला तो तळहात अजून दिसतो. तात्यांचा घोडा स्टेशनवर इंजिनाच्या शिट्टीने बिथरला की तेही असंच करायचे.

डोळ्यांवर झापडं लावलेला घोडा दिसला तर तो वाईट म्हणून समजू नका. काहींचं लक्ष बाजूच्या घोड्यांकडे जातं, म्हणून लावतात.

पुण्यात आणखी एक बघायचं, ते म्हणजे जमीन. सकाळी पेनेट्रोमीटर नावाच्या उपकरणाने धावपट्टी किती मऊ आहे ते मोजून आकडा जाहीर करतात. पाऊस पडून ती मऊ झाली की आकडा वाढतो. काही घोडे ओल्या जमिनीवर फुलतात, काहींचे पाय तिथे बसतात. पुस्तकात मागच्या पावसाळ्यातली धाव शोधा.

रेस सुरू होताना रेलिंगपाशी, विनिंग पोस्टच्या, म्हणजे रेस संपते त्या खांबाच्या, शंभरेक मीटर आधी उभे राहा. वर स्टँडमधून सगळी रेस दिसते हे खरं. पण चौखूर उधळलेले घोडे जवळून जातात तेव्हा जमीन पायाला कळते, आणि खोगिरांची चरचर, जॉकींचे हाकारे ऐकू येतात. ते वरून मिळत नाही. एक रेस वरून, एक खालून, असं करा.

पैसे लावायचे की नाही ते तुम्ही ठरवा, आणि लावायचेच तर घरून निघताना वेगळ्या पाकिटात ठेवलेले. अठरा वर्षांखालच्यांना ते अजिबात करू देऊ नका. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ मानला, म्हणून परवानगीच्या मैदानात ती कायदेशीर आहे. बाहेर फोनवर लावून देणाऱ्याच्या नादी लागू नका. टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैसे लावायच्या, खिडकीवर सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि कपात होऊन जिंकणाऱ्यांत वाटले जातात. विन म्हणजे पहिला. प्लेस म्हणजे किती घोडे पळतात त्यानुसार पहिल्या दोन किंवा तिनात. क्विनेला म्हणजे पहिले दोन, कोणत्याही क्रमाने. टनाला म्हणजे पहिले तीन, नेमक्या क्रमाने. जॅकपॉटला लागोपाठ पाच रेसचे विजेते ओळखावे लागतात. नवख्याने विन-प्लेसच्या पुढे जाऊ नये. सप्टेंबर 2025 पासून यावर 40 टक्के जीएसटी आहे, आणि दहा हजारांवरच्या जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के कर तिथेच कापला जातो. यातून घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. तात्यांच्या टांगा स्टँडवरच्या एकाचा टांगा आणि घोडा दोन्ही असेच गेले. त्याच्या मुलाला मी शाळा सोडून हमाली करताना पाहिलंय.

आणि तिकीट टाकू नका. पुण्यात एकदा माझा घोडा गळ्याभराने दुसरा आला. मी तिकीट फाडलं आणि पॅडॉककडे निघाले. मागे ऑब्जेक्शन, म्हणजे निकालावर हरकत, झालं होतं. पहिल्या घोड्याने वळणावर दुसऱ्याला आडवा कट मारला होता, निकाल फिरला, माझा घोडा पहिला ठरला. रेसनंतर जॉकींचं पुन्हा वजन होतं, ऑब्जेक्शन असलं तर त्याचा निर्णय लागतो, आणि मगच पैसे जाहीर होतात. तोवर कागद मुठीत राहू द्या.

एकच दिवस निवडायचा असेल तर फेब्रुवारीतला पहिला रविवार धरा. त्या दिवशी इंडियन डर्बी असते, 2400 मीटर, चार वर्षांच्या घोड्यांची. ती 1943 मध्ये पहिल्यांदा झाली आणि प्रिन्सेस ब्यूटीफुल नावाच्या घोडीने जिंकली. गर्दी नको असेल तर डिसेंबरातला गिनीज नावाच्या रेसचा दिवस घ्या, नाहीतर सप्टेंबरात पुण्याची सेंट लेजर, 2800 मीटरची. स्क्वॉन्डररची गोष्ट तिथे जुने लोक अजून सांगतात, 19 धावांपैकी 18 जिंकलेल्या घोड्याची. कुणी म्हातारा पुस्तक मांडीवर घेऊन एकटा बसलेला दिसला तर शेजारी बसा आणि त्याने पाहिलेला सगळ्यात चांगला घोडा कोणता ते विचारा. डबा मात्र दोघांना पुरेल एवढा न्या, बोलणं लांबतं.