गॅस गिझरची ज्योत निळी आहे ना?

मुंबईतल्या बाथरूमला खिडकी असते ती वीतभर, तीही पावसाळ्यात बंद. अशा ठिकाणी गॅस गिझर लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी लावावा आणि फक्त गरम पाण्याची पाइप आत आणावी.

आधीच लावलेला असेल तर आज ज्योत बघा. निळी आणि स्थिर हवी. पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली असेल, तर गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतोय. गॅसगळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नसतो. आंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, तर तसंच बाहेर या. लाज नको.

बर्नर घरी उघडू नका, मेकॅनिक बोलवा. सिलिंडरवरून पाइप गॅसवर आला असाल तर नोझल बदललंय का, हेही त्याला विचारा. रबरी नळीवरची मुदत तपासा. सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर कॉक बंद, खिडक्या उघड्या, आणि विजेच्या बटणाला हात नाही.